घोंगड्यांची ऊब

कोळपे वस्ती, टाकळी हाजीजवळ,
ता. शिरूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. अंकिता,

तुझी आई परवा येऊन गेली. तिच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे तुला दिवस गेलेत आणि माघात मोकळी होशील. आबांनी ऐकल्याबरोबर भंडारा उधळला, त्यातला निम्मा माझ्या डोक्यात गेला. दुसरी म्हणजे तू दौंडात सासरच्या माणसांना सांगतेस की मामाला फार गर्व झालाय, फोनसुद्धा उचलत नाही.

गर्वाचं नंतर बघू, आधी फोनचं सांगतो. मी ज्या छपरात काम करतो तिथं शोभेची दारू असते. दारू आणि फोन एका छपराखाली ठेवायचे नाहीत, हा माझा नियम. बिडी, काडेपेटी, मोबाईल आणि नायलॉनचा शर्ट, या चौघांना दारातूनच रामराम. माझा फोन बंद करून तुझ्या मामीच्या बाजरीच्या डब्यात ठेवलेला असतो. काही सांगायचं असेल तर लिही. लिहिलेलं दोनदा वाचता येतं. फोनवर माणूस ‘बरं, बरं’ म्हणतो आणि ठेवला की विसरतो.

आता कामाचं. तुझ्या आईनं, रतननं, तुला ‘दादा घोंगड्या जाळतो’ असंच सांगितलं असणार. मी जाळत नाही. हातमागाची जुनी, काळ्या लोकरीची घोंगडी ओल्या वाळूवर पसरतो. तिच्यावर दारू भुरभुरतो, पाहिजे तिथंच आणि पाहिजे तेवढीच. वर ओली पोती, त्यावर फरश्या, मग वात. एक श्वास घेईपर्यंत सगळं आटपलेलं असतं. पोतं उचललं की खाली तांबूस, राखाडी आणि काळ्यातलं काळं असं काहीतरी उमटलेलं असतं. मग मी तिच्यासमोर बसतो. चहा गार होईपर्यंत बसतो. ठेवायची की नाही हे तेव्हा ठरतं. कापूस पेटतो, पण लोकर पेटत नाही, करपून थांबते. हे कुठल्या आर्टस्कुलात शिकलो नाही. विहिरींवर सुरुंगाच्या कामाला होतो तेव्हा धोंडे उडू नयेत म्हणून भोकावर घोंगडी टाकायचो. बाकीचे ती फेकून द्यायचे. मी घरी आणून बघत बसायचो. गावानं तेव्हाच मला कामातून गेलेला धरलं होतं.

मागच्या महिन्यात पुण्याहून अनुपमा नावाच्या बाई आल्या. त्या एक कलादालन चालवतात. एका घोंगडीसमोर मांडी घालून बसल्या त्या उठेचनात. शेवटी म्हणाल्या, “इतक्या भडकणाऱ्या वस्तूतून इतकं शांत काहीतरी कसं येतं?” मी म्हटलं, “भडकून झालं की शांतच व्हायला लागतं. आमच्या आबांना विचारा.” त्यांना सात घोंगड्या हव्यात, जानेवारीच्या शेवटी. मी हो म्हणालो.

अडचण एकच आहे, माझा बाप, भैरू आबा. मी दिवसभर घोंगड्या दोरीवर पसरतो आणि हा माणूस दिवस मावळायला सगळ्यांच्या घड्या करून थप्पी लावतो. विचारलं तर म्हणतो, “पसरलेली घोंगडी म्हंजी घरात मढं. धनगराच्या पोराला ह्ये बी सांगाया लागतंय व्हय?” वय ब्याऐंशी. मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, पण हुकूम अजून मेंढरांच्या वाड्यावरचाच.

जपून राहा. पायऱ्या चढताना कठडा धर.

तुझा,
हनुमंत मामा


दौंड
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार करता येत नाही, पोट आडवं येतं. वाकले असं मानून घ्या.

तुमचं पत्र तुमच्या जावयानं, सत्यजीतनं, दोनदा वाचलं. त्याचं पहिलं वाक्य, “तुझे मामा ओळी फुटपट्टीनं मारतात का?” मी म्हटलं, मारतात, आणि मग पेन्सिलीची रेघ खोडतातसुद्धा. तुम्हाला गर्व झालाय असं मी म्हणाले नव्हते. ‘मामांना आधीपासूनच आहे’ असं म्हणाले होते. आईनं निरोप अर्धा पोचवला.

थट्टा पुरे. मामा, मला खरंच भीती वाटते. मी एमआयडीसीत दिवसभर हेच करते. कोणता ड्रम कशाशेजारी ठेवायचा नाही, कशाला ऊन लागू द्यायचं नाही, कशावर पाणी मारायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या प्लॉटवर एका रात्रीत शेड गेली. माणसं वाचली, पण त्यातल्या एकाचा चेहरा अजून ओळखू येत नाही. त्यालाही वीस वर्षांचा अनुभव होता, आणि तोही म्हणायचा, मला काय सांगता.

म्हणून विचारते, रागावू नका. दारू कोणाकडून आणता? किती ठेवता? घरापासून किती लांब? काम झाल्यावर घोंगडीत न जळलेली दारू राहते का? आबा त्याच घोंगड्यांच्या घड्या घालतात म्हणता, त्यांच्या कानात बिडी असते. ही शेवटची ओळ परत वाचा.

सातही घोंगड्या मला बघायच्यात. तुम्ही जे करता ते आमच्या घराण्यात कुणी केलं नाही. पण मामा तेवढा एकच आहे.

तुमची,
अंकिता


कोळपे वस्ती
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंकिता,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग मामीनं पुन्हा वाचून दाखवलं आणि राग निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यातून उत्तर देतो.

दारू परवानाधारक माणसाकडून येते, जत्रेला ज्याच्याकडून येते त्याच्याचकडून. एका घोंगडीला लागेल तेवढीच आणि कामाच्याच दिवशी. रात्री छपरात चिमूटभरही नसते. छप्पर घरापासून विहिरीपलीकडे, मध्ये चिंच. काम झालं की घोंगडी दोन पाण्यातून काढतो, झटकतो, उन्हात टाकतो आणि मग तिच्या कोपऱ्यावर पेटती काडी स्वतः धरून बघतो. लोकर करपते, काडी विझते. हे मी प्रत्येक घोंगडीचं केलंय. तुमच्या कंपनीत प्रत्येक ड्रमचं असं करतात का, ते कळव.

आबांची बिडी मी बंद केली. म्हणजे माझ्यासमोर बंद आहे.

कामाचं ऐक. पाच झाल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात टांगायला लोखंडी कडी शिवली आहे आणि कडीवर छिन्नीनं नंबर पाडलाय. एक नंबर आपल्या नदीतल्या रांजणखळग्यांसारखी दिसते, वरून बघितल्यासारखी. तीन नंबरची आपल्या घरातली आहे. तुझी आई तिच्यावर जन्मली. तिच्यावर दारू घातली म्हणून आबा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मग एकदा गुपचूप जाऊन तिच्यासमोर उकिडवे बसलेले दिसले.

अनुपमाबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याला काजळी लागली. म्हणाल्या, दालनात भिंत खराब होईल आणि हळूहळू चित्रच झडून जाईल. त्यांनी एका स्प्रेचं नाव सांगितलं. मी म्हटलं, डबा आणूच नका. तीन आठवडे डोकं लावलं. गोंद बघितला, कडक होतो. साबुदाण्याची खळ बघितली, उंदीर येतात. शेवटी सापडलं जवसाचं तेल. आपल्या दाराच्या चौकटींना सुतारानं कढवलेलं जवसाचं तेलच दिलं होतं, चाळीस वर्षांत कीड नाही. तेल कढवायचं, कोमट असताना ब्रशनं काजळीवर द्यायचं, लोकर पिऊन घेते. वाळलं की काजळी हाताला लागत नाही आणि काळा रंग असा खोल दिसतो की विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. एकीला चार हात द्यावे लागतील.

म्हणजे आता दारूचं काम संपत आलंय. राहिलंय ते तेलाचं, आणि त्या जवसाची आपण चटणी खातो. तेव्हा पोटातल्याला सांग, मामाआजोबा सुखरूप आहे.

घड्यांचा तंटाही मिटवला. दिवसा पसरायच्या, दिवस मावळला की आबा घडी घालणार आणि थप्पी त्यांच्याच खोलीत राहणार. तेलाचे डाग एकीचे दुसरीला लागू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्र घालतो. आबा म्हणाले, “आता कसं माणसात आलास.”

हनुमंत मामा


दौंड
५ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

माझे सगळे प्रश्न मागे घेते. काडी लावून बघण्याचं वाचलं आणि हसावं की रडावं ते कळेना. आमच्या सेफ्टीवाल्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, हा माणूस कामावर येईल का विचारा.

तेलाचं वाचून जीव भांड्यात पडला. मला रात्री सारखं वाटायचं की त्या छपरातून काहीतरी आवाज येईल आणि आईचा फोन येईल. आता दारू संपली, तेल आलं. बिनधास्त द्या चार काय, पाच हात द्या.

माझं सातव्या महिन्याचं ओटीभरण झालं. पाय सुजतात. कामावर पंधरा जानेवारीपर्यंत जाणार, मग यवतला आईकडे. आईनं आत्तापासून बाज विणून घेतलीय, शेगडी आणलीय, ओवा-शेपा धुरीला म्हणून बरण्या भरल्यात. मी म्हटलं, “आई, दवाखान्यात होणार आहे.” तर म्हणाली, “दवाखाना दोन दिसांचा. बाळंतपण सव्वा महिन्याचं.”

आबांना सांगा, पणतू झाला तर त्यांच्यासारखा हट्टी नको, आणि पणती झाली तर चालेल.

तुमची,
अंकिता


कोळपे वस्ती
८ जानेवारी २०२५

चि. अंकिता,

सातवी झाली. आता फक्त तेलाचे शेवटचे हात चालू आहेत. थंडी फार पडलीय, नदीकाठी सकाळी समोरचा माणूस दिसत नाही. थंडीत तेल वाळायला वेळ लावतं आणि बाईंचा टेम्पो येणार ठरलेल्या तारखेला, म्हणून आता दिवसाला दोन घोंगड्या घेतो, तेल जरा सढळ. पूर्ण सुकायची वाट बघत बसलो तर होळी उजाडेल. संध्याकाळी आबा घड्या घालतात. सातांची थप्पी त्यांच्या बाजेपेक्षा उंच झालीय.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या कामात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तू शिकलेली आहेस, हसशील, पण मी हाताने तपासलंय.

चार-पाच दिवसांपूर्वी आबा सकाळी खोकत नव्हते. दर थंडीत त्यांचा खोकला सगळ्या वस्तीला उठवतो. आत जाऊन बघतो तर बाज रिकामी आणि आबा खाली, थप्पीला पाठ लावून शांत झोपलेले. उठवलं तर म्हणाले, “हात लाव हितं. ऊब हाय. मेंढराच्या अंगासारखी ऊब हाय.” मी हात लावला. खरंच कोमट होती. मला वाटलं आबांच्या अंगाची असेल. म्हणून मी त्यांना दिवसभर दुसरीकडे बसवलं आणि संध्याकाळी पुन्हा बघितलं. तेवढीच होती. मधल्या दोन घड्यांच्या आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा जास्त. काल आणखी जास्त होती. वासही बदललाय. पहिल्यांदा नुसता तेलाचा यायचा, आता जवस तव्यावर जरा जास्त भाजलं गेल्यावर येतो तसा येतो. मध्ये घातलेलं वर्तमानपत्र पिवळं पडलंय, आतल्या बाजूचं तर तपकिरी.

मी यावर दोन दिवस विचार केला. लोकर ही जिवंत वस्तू आहे, तिला आपण मेलेली समजतो. दारूनं तिला भाजलं, तेलानं तिला पाजलं, आता ती अंगात ऊब धरायला लागलीय. बाईंना हे सांगणार आहे. चित्र बघतात सगळेच, हात लावून बघायचं चित्र कुणी केलंय?

आबा आता रोज तिथंच झोपतात. मामी म्हणते, म्हातारा लहान पोरासारखा चिकटलाय. मी आणखी एक गोधडी घालून थप्पी झाकून दिली, ऊब टिकावी म्हणून.

शुक्रवारी मी पुण्याला जातो, दालनाच्या भिंती मोजायला. भोगीच्या दिवशी दुपारी परत. फोन डब्यातच राहील, पुण्यात मला कुणाशी बोलायचं नाही.

हनुमंत मामा


दौंड
१३ जानेवारी २०२५, भोगी, सकाळ

मामा, किंवा मामी, जे कोण घरी असेल ते,

हे पत्र घेऊन सत्यजीत गाडीवर येतोय. तुमचं पत्र मला आत्ता मिळालं, शनिवारी टपाल शेजारच्यांकडे पडलं होतं. तुमचा फोन बंद. मामींचा वाजतो, कुणी उचलत नाही. मला डॉक्टरांनी गाडीवर बसायला बंदी केलीय. सत्यजीतला सगळं समजावलंय, पण आबा जावयाचं ऐकून घेतील आणि करणार काहीच नाहीत, म्हणून लिहून देते. मामी, मोठ्यानं वाचून दाखवा.

ती ऊब लोकरीची नाही. जवसाचं तेल वाळताना हवा ओढून घेतं आणि गरम होतं. कापड पसरलेलं असलं तर ती उष्णता उडून जाते. घडीत अडकते, वाढत जाते, आणि मग आपोआप पेट घेते. काडी लागत नाही, दारू लागत नाही. तुमची काडीची परीक्षा तेल लावण्याआधीची होती.

आधी आबांना त्या खोलीतून बाहेर काढा. बाकी सगळं नंतर. थप्पी खोलीत उघडू नका, आत निखारा असला तर हवा लागून भडका होईल. लांबून पाणी मारा, भरपूर, आणि मग लांब काठीनं ओढून अंगणात.

मामा, आमच्या मेंटेनन्सच्या खोलीबाहेर झाकणाचा लोखंडी डबा आहे, तेलकट चिंध्यांसाठी. वर पाटी आहे, चिंध्या घडी करून ठेवू नयेत. चार वर्षं रोज ती वाचत आत जाते. आणि तुम्ही ‘जवस’ लिहिलंत तेव्हा मला फक्त चटणी दिसली. पाच हात द्या म्हणून मीच लिहिलं.

आबांना बाहेर काढा.

अंकिता


कोळपे वस्ती
२२ जानेवारी २०२५

चि. अंकिता,

अक्षर तुझ्या मामीचं आहे, मजकूर माझा. माझे दोन्ही तळवे बांधलेले आहेत. तिला सांगितलंय की मी बोलतो तसंच लिही, मध्ये आपलं घालू नको.

(घालणार. गिता.)

फोनवर तुला जे कळलं ते रतनच्या तोंडून, म्हणजे थोडं पुढे, थोडं मागे. जसं झालं तसं सांगतो.

जावईबापू अकराच्या सुमारास पोचले. मामी शेतात भोगीच्या भाजीला गेली होती, फोन घरात. आबा खोलीत थप्पीला टेकून पडलेले. जावयांनी दारातूनच सांगितलं, “आबा, लगेच बाहेर या, आग लागेल.” आबा म्हणाले, “कुठं हाय आग? ऊब हाय.” तुझं पत्र पुढे केलं तर म्हणाले, “मला कुठं वाचता येतंय.” जावयांनी हात धरला तर झटकला. पण मग त्यांच्या ध्यानात आलं की पुढ्यात उभा आहे तो नातजावई आहे, सणाच्या दिवशी पहिल्यांदा आलाय, आणि आपण त्याच्यासमोर पडून बोलतोय. ते उठले. धोतर नीट केलं, पटका बांधला, जावयांना अंगणात चिंचेखाली घोंगडी टाकून बसवलं आणि स्वतः चुलीवर चहा ठेवायला गेले. जावई पाण्याची बादली शोधतायत आणि हे म्हणतायत, “बसा वो पाव्हणं, पाणी आम्ही देतो.” आगीसाठी हा माणूस उठला नसता. जावयासाठी उठला.

मी त्याच वेळेला फाट्यावर एसटीतून उतरलो. चिंचेच्या वर धूर दिसला. पांढरा नाही, पिवळट. धावत आलो. जावई ओरडले, “मामा, उघडू नका, अंकितानं लिहिलंय, उघडू नका.” ते मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण माझं काम, मला काय सांगता, असंही मनात आलं, ते लपवत नाही. वरची गोधडी उचलली. काही दिसलं नाही, नुसता धूर. मधल्या घोंगडीत दोन्ही हात घालून ती ओढली, आणि उघडली.

मी हजारो वेळा दारू पेटवलीय. तिचा आवाज होतो, ती सांगून येते. ही काही बोलली नाही. नुसती भाकरीच्या पापुद्र्यासारखी उघडली, आतून लाल होती, आणि मग खोलीभर झाली.

खोली गेली. आबांची बाज गेली. जावयांच्या भुवया गेल्या, त्या येतील. लोकर पेटत नाही असं मी तुला लिहिलं होतं. रात्रभर धुमसत होती.

आबांना खरचटलंसुद्धा नाही. पण आता संध्याकाळ झाली की अंगणात येऊन विचारतात, “हनमा, ती ऊब आता न्हाई का होत?”

बाईंना कळवलं की चित्रं नाहीत. त्या आल्या, जळक्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, राख तरी द्याल का, काचेत ठेवू. मी त्यांना चहा पाजून एसटीत बसवलं.

आज सकाळी राख चाळायला घेतली. मामीनं चाळण धरली, मी पायानं सरकवत होतो. कड्या काढून घ्यायच्या होत्या, लोखंड आहे, जळत नाही. एक सापडली, दोन सापडली. चार, पाच, सहा, सात. तीनची नाही. पुन्हा चाळलं. राख भिंतीपर्यंत चाळली. तीन नंबरची कडी नाही.

आबा ओट्यावर बसून बघत होते. विचारलं, “आबा, तीन नंबरची कुठंय?” तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “ती तुझी न्हवती. माझ्या रतनीची व्हती. रतनी तिच्यावर झाली. शनवारी आली व्हती तवा तिच्या गाठुड्यात बांधून दिली. पोरीच्या बाळंतपणाला. लई उबदार झाली व्हती, म्हटलं पोरीला थंडी वाजाय नको...”

शनिवारी मी पुण्यात होतो. अंकिता, तिला शेवटचा हात मी बुधवारी दिला होता. सगळ्यांत जाड. ती यवतला आहे. तू यवतला आहेस. रतननं शेगडी आणलीय असं तूच

(पत्र इथं थांबलं. ते म्हणाले, “डब्यातून फोन काढ.” मला ऐकू येऊनसुद्धा समजलं नाही, कारण हे वाक्य या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. नंबर मी लावला आणि त्यांच्या कानाला धरला. बाजरी अजून फोनला चिकटलेली होती. शनिवारी मी शिरूरच्या बाजाराला गेले होते. वन्संच्या गाठोड्यात शेंगा असतील असं आबा म्हणाले आणि मी मानलं. तुम्ही उचलेपर्यंत ते उभे होते, मग खाली बसले. अर्धं पत्र तसंच पाठवते, ते टाकू देत नाहीत. तुझी मामी.)


यवत
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. हट्टी आहे. आबांना सांगा, त्यांचंच नाक.

तुमचा फोन आला तेव्हा मी बाजेवर पडले होते. आईनं नंबर बघितला आणि म्हणाली, “दादाचा फोन? कोण गेलं?” फोनवर तुम्ही नमस्कार केला नाही, कशी आहेस विचारलं नाही. एवढंच म्हणालात, “अंकिता, तुझ्या बाजेवर काय आहे ते बघ. आत्ता उठ.”

मी उठले. गादी उचलली. खाली तीच होती, कोपऱ्यात कडी, कडीवर तीन. पाच दिवस मी तिच्यावर झोपत होते आणि मला तो वास धुरीचा वाटला होता. बाजेखाली शेगडी होती, आई सवयीसाठी म्हणून आदल्या दिवसापासून पेटवत होती. मी तळवा टेकवला तेव्हा माझ्या हातालाच घाम होता, त्यामुळे काही कळेना. दुसरा हात टेकवला. मग गाल टेकवला.

गार होती, मामा.

आईला विचारलं, “आणल्यापासून तू हिची घडी केलीस का?” ती म्हणाली, “घडी कशी करीन? आबांनी बजावलं व्हतं. बाळंतिणीच्या बाजंची घोंगडी घडी करून ठिवायची न्हाई, आणली तशी पसरायची. पसरलेली घोंगडी मढ्याला, न्हाय तर बाळंतिणीला.” तिनं शनिवारीच पसरली होती. मी यायच्या आधी पाच-सहा दिवस ती उघड्या खोलीत पसरून वाळत होती.

म्हणजे सहा घोंगड्या आबांनी ज्या रिवाजानं पेटवल्या, त्याच रिवाजानं ही वाचवली. त्यांना दोन्हीतलं काही माहीत नाही. तुम्ही सांगू नका. मी पण सांगणार नाही.

बाईंना हीच पाठवा असं आई म्हणत होती. तुमचं नाव होईल, वर्तमानपत्रात येईल. ते तुम्ही ठरवायचं. बाजेवरून मी ती काढली. आता अंगणात तारेवर आहे, पूर्ण पसरलेली. येणारेजाणारे विचारतात, कोण वारलं. आई सांगते, कुणी न्हाई, नात झाली.

मी तिच्यासमोर रोज थोडा वेळ बसते. पिवळट कडा, मग तांबूस, मग मध्ये तो काळा. तुम्ही म्हणाला होता तसं, विहिरीत डोकावल्यासारखं. बाळ मांडीवर असतं. बघता बघता खरंच शांत वाटायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच मी उठते आणि जाऊन तिला हात लावते.

वाळून पंधरा दिवस झाले. आता काही होत नाही, हे मला पुस्तकातून माहीत आहे, कामावरून माहीत आहे. काल सत्यजीतलाही मी तेच समजावून सांगत होते, तळवा घोंगडीवर ठेवून.

तुमचे हात कसे आहेत? मामींना लिहायला लावू नका. फोन करा.

तुमची,
अंकिता